उघड्या हातांचा यष्टिरक्षक

पाय जपून टाका. इथलं गवत यंत्रानं कापलेलं नाही, मेंढ्यांनी चरलेलं आहे, आणि मेंढ्या मागे काय ठेवून जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. गवत कापायचं यंत्र निघायला अजून तीन वर्षं आहेत.

सोमवार, ४ जून १८२७. लंडनच्या सेंट जॉन्स वुडमधलं लॉर्ड्स. तुमच्या नजरेला सरावलेलं इथे काहीच सापडणार नाही. सीमारेषेची दोरी नाही, आकड्यांची पाटी नाही, साइटस्क्रीन नाही. दोन वर्षांपूर्वी पॅव्हिलियन आगीत जळून गेलं, त्याच्याबरोबर इथल्या एमसीसी क्लबचे जुने कागद आणि धावांच्या वह्याही गेल्या. आता समोर दिसतंय ते नवं. खेळपट्टीवरून हात फिरवून बघा, तळव्याला खडे टोचतात. मुंबईत पावसाळा संपता संपता मैदानावर जे उंचसखल लागतं, जवळजवळ तसंच.

आता स्टंपांमागे बघा. काळी उंच टोपी घातलेला एकवीस वर्षांचा एक तरुण वाकून उभा आहे. पायाला पॅड नाहीत, हातात ग्लोव्ह्ज नाहीत. हा हर्बर्ट जेनर. शिक्षण ईटनला, मग केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमध्ये. आज तो केंब्रिजचा कप्तान आहे. समोरच्या संघाचा म्होरक्या चार्ल्स वर्ड्सवर्थ हा हॅरोचा, आता ऑक्सफर्डचा, कवी विल्यम वर्ड्सवर्थचा पुतण्या. दोन विद्यापीठांनी क्रिकेटमध्ये एकमेकांसमोर उभं राहण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती जुळवून आणली ती वर्ड्सवर्थनं. रेल्वे अजून केंब्रिजपर्यंत पोचलेली नाही. तिथली मुलं लंडनला येतात ती घोड्यांच्या कोचमधून, हाडं खिळखिळी करून घेत.

थोडं जवळ जा. चेंडू खालून येतो. चेंडू सोडताना हात कोपराच्या खालीच ठेवायचा, असा कायदा आहे. षटकात चेंडू चार. बॅट म्हणजे एकसंध विलोचं लाकूड, मुठीत वेताचा तुकडाही नाही, त्यामुळे चेंडू लागला की झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत जातात. स्टंपांची उंची सत्तावीस इंच, रुंदी आठ. चेंडू खड्यावर पडून कधी नडगीवर येतो, कधी हनुवटीकडे उसळतो. तो अडवायचा उघड्या हातांनी. जेनरची बोटं बघताना माझ्या तरी अंगावर काटा येतो. षटक संपलं की हाच माणूस स्टंपांमागून निघतो आणि चेंडू हातात घेऊन गोलंदाजीला उभा राहतो. आज यष्टिरक्षकानं गोलंदाजी केली तर समालोचक दहा मिनिटं त्यावर बोलत बसतील. इथे कुणाच्या भुवयाही उंचावत नाहीत. त्यानं पाच बळी घेतले.

तरी ऑक्सफर्डच्या २५८ धावा झाल्या. केंब्रिजच्या डावात वर्ड्सवर्थची डाव्या हाताची गोलंदाजी चालली आणि त्यानं सात जणांना परत पाठवलं. केंब्रिज ९२. त्यातल्या ४७ एकट्या जेनरच्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. सीमारेषा नसल्यामुळे बहुतेक धावा पायांनी पळून काढलेल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि सामना अनिर्णित राहिला.

त्याच सोमवारी उत्तरेला शेफील्डजवळ डार्नलच्या मैदानावर दुसराच एक सामना सुरू झाला होता. ससेक्स विरुद्ध इंग्लंड. ससेक्सचे लिलीव्हाइट आणि ब्रॉडब्रिज हात खांद्याच्या पातळीत आणून चेंडू टाकत होते, आणि तो प्रकार चालू द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी तीन सामने ठेवले होते. त्यातला हा पहिला. एकाच दिवशी इकडे हौशी विद्यार्थ्यांची जुनी खालची गोलंदाजी आणि तिकडे पोटासाठी खेळणाऱ्यांचा नवा हात! पुढच्याच वर्षी कायद्यानं हात कोपरापर्यंत वर येऊ दिला, १८३५ मध्ये खांद्यापर्यंत आणि १८६४ मध्ये डोक्यावरून. एकेका पायरीला वर्षं गेली. जेनरच्या आयुष्यात मात्र त्या साऱ्या पायऱ्या मावल्या आणि वर कितीतरी वर्षं उरली.

त्याचा जन्म २३ फेब्रुवारी १८०६ चा. ट्रफाल्गरची लढाई होऊन जेमतेम चार महिने झाले होते. त्याच उन्हाळ्यात लॉर्ड्सच्या आधीच्या मैदानावर हौशी ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेअर्स’ यांच्यातला पहिला सामना झाला. हे दोन शब्द नीट समजून घ्यायला हवेत. जंटलमन म्हणजे ज्याच्या घरची चूल खेळावर अवलंबून नाही तो. जेनर तसाच होता. वडील मोठे न्यायाधीश, चर्चच्या वरिष्ठ न्यायालयाचे प्रमुख. खेळून त्याला पोट भरायचं नव्हतं, आणि ही सवलत त्या काळातल्या शंभरात नव्याण्णव इंग्रजांना नव्हती. हे विसरून त्याच्या खेळाचं कौतुक केलं तर ते अर्धवट राहील. पण ती सवलत लाभलेल्या कितीतरी जणांनी विद्यापीठ सुटताच बॅट माळ्यावर टाकली, हेही तितकंच खरं.

काळ जरा पुढे ढकलू. १८३३ मध्ये तो एमसीसीचा अध्यक्ष झाला, सत्ताविसाव्या वर्षी. केंटकडून खेळला, जंटलमनच्या संघात खेळला. मग तिशी ओलांडली आणि मोठ्या सामन्यांतून त्याचं नाव दिसेनासं झालं. वकिली होती. डॉक्टर्स कॉमन्स नावाच्या, लग्नं आणि मृत्युपत्रांचे खटले चालवणाऱ्या वकिलांच्या जुन्या मंडळात तो होता. १८५७ च्या कायद्यांनी हे खटले नव्या न्यायालयांकडे गेले आणि त्या मंडळाचं कामच सरलं. मधल्या काळात वडिलांकडे ग्लॉस्टरशरमधल्या हिल गावाची इस्टेट आली आणि तिच्यासोबत फस्ट हे आडनाव. पुढे हर्बर्टही जेनर-फस्ट झाला.

आता हिलला उतरू. सेव्हर्न नदीचं रुंद मुख जवळच, भरती-ओहोटी जबरदस्त. बर्कली इथून थोड्याच अंतरावर, जिथे एडवर्ड जेनरनं देवीच्या लशीचा प्रयोग केला. ब्रिस्टलच्या बाजूला गेलं की डाउनएंड, जिथे १८४८ मध्ये डब्ल्यू. जी. ग्रेस जन्मला. त्याच १८४८ मध्ये मुंबईत पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. ग्लॉस्टरशरमध्येच, स्ट्राउडजवळ, एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं १८३० मध्ये गवत कापायचं यंत्र बनवलं. मेंढ्यांची सुट्टी झाली ती त्या यंत्रामुळे.

साल १८८०. या माणसाबद्दल मला जी ओढ वाटते ती या सालामुळे. लंडनच्या ओव्हलवर सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी झाली. ग्रेसनं १५२ काढल्या आणि त्याच्याबरोबर त्याचे दोन सख्खे भाऊही त्या संघात होते. सगळं ग्लॉस्टरशर त्या तिघा भावांच्या नावानं वेडं झालेलं. आणि याच साली हिल गावाच्या संघातून शेजारच्या रॉकहॅम्प्टनविरुद्ध एक म्हातारा मैदानात उतरला. वय चौऱ्याहत्तर.

त्या कुंपणाशी जरा थांबा. चौऱ्याहत्तर! ज्या हातांनी त्रेपन्न वर्षांपूर्वी लॉर्ड्सवर खड्यांवरून उसळणारे चेंडू अडवले तेच हे हात. दरम्यान खेळ पार बदलून गेला. हात डोक्यावरून येऊ लागला, पॅड आले, ग्लोव्ह्ज आले, तार आली, आगगाडी दारात आली. समोर उभी असलेली रॉकहॅम्प्टनची पोरं त्याच्या नातवांच्या वयाची असतील. एकेकाळी एमसीसीच्या अध्यक्षपदावर बसलेला हा माणूस गावच्या संघातून खेळायला लाजला नाही. आपल्याकडे सणाच्या दिवशी आजोबा नातवंडांच्या डावात एक षटक टाकायला येतात आणि सगळं अंगण थांबून बघतं, ते मला आठवतं. फरक इतकाच की हा म्हातारा लाडानं खेळवून घ्यायला आलेला नाही. तो गावाचा सामना खेळायला आला आहे.

१८९२ मध्ये वर्ड्सवर्थ गेला. तो पुढे स्कॉटलंडमध्ये बिशप झाला होता. १८९३ च्या उन्हाळ्यात लॉर्ड्सवर पुन्हा ऑक्सफर्ड-केंब्रिज सामना होता आणि केंब्रिजच्या संघात नवानगरचे रणजितसिंहजी होते. जेनर तेव्हा सत्त्याऐंशीचा होता. ज्या सामन्याच्या पहिल्या खेपेला तो कप्तान होता, तोच सामना आता एक हिंदी तरुण खेळत होता. या दोघांना मी मनात एकाच फलंदाजीच्या ओळीत उभं करून बघतो. एकीकडे उघड्या हातांचा यष्टिरक्षक, दुसरीकडे मनगटाच्या हलक्या वळणानं चेंडू पायामागे सोडणारा राजपुत्र. मधे सहासष्ट वर्षं.

३० जुलै १९०४. शनिवार. हिल कोर्ट या आपल्या वाड्यात हर्बर्ट जेनर-फस्ट अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेला. १८२७ च्या त्या सोमवारी मैदानात असलेल्या बावीस जणांपैकी हा शेवटचा. त्याच्या जन्मापासून मोजलं तर राज्यावर पाचवा राज्यकर्ता आहे. षटकात चेंडू सहा झालेत. छप्पन्न वर्षांचा ग्रेस अजून खेळतो आहे.

तुम्ही वाड्यातून बाहेर येता. शनिवार असल्यामुळे इंग्लंडभर गावोगाव दुपारी स्टंप रोवले जातील. पायाखालचं गवत आता यंत्रानं कापलेलं आहे. तरी एकदा वाकून त्यावर तळवा ठेवा, एखादा खडा लागतो का बघा.