कोळशाचा ढीग आणि हवेचे कोडे

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी सरपण भरून ठेवतात, तसा ब्रिटनमध्ये हिवाळ्यापूर्वी घरोघर दगडी कोळसा भरून ठेवीत. लंडनच्या जुन्या वस्त्यांत पदपथावर लोखंडी झाकणे बसवलेली गोल भोके आजही दिसतात. कोळसेवाला त्यांतून पोती थेट तळघरात रिकामी करी. एका पोत्यात सुमारे ५० किलो कोळसा असे. ज्यांना तळघर नव्हते ते परसात विटांचा किंवा काँक्रीटचा हौद बांधीत, नाहीतर सरळ ढीग घालीत.

असा टन-दोन टन कोळसा उघड्यावर राहिला तर काय होते? पावसाने तो वाया जात नाही. ओला कोळसा चुलीत घातला तर थोडी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, एवढेच. ऊन-पावसाच्या माऱ्याने ढेकळे तडकतात, भुगा वाढतो आणि कोळशाचा कसही हळूहळू कमी होतो. पण परसातला ढीग आपोआप पेटला असे सहसा घडत नसे. तोच कोळसा दोन हजार टन एकत्र रचला, तर मात्र काडी न लावताही तो पेटू शकतो. हा फरक का पडतो, याचे उत्तर मिळायला दोनशे वर्षे लागली.

कोळसा आपोआप पेटतो हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. रॉबर्ट प्लॉट या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १६८६ मध्ये त्याचे खापर कोळशातल्या पायराइटवर, म्हणजे लोह व गंधक यांच्या पिवळ्या चकचकीत खनिजावर फोडले. पायराइट दमट हवेत तापते, हे खरेच आहे. त्यामुळे ही समजूत दीर्घकाळ टिकली. परंतु पायराइट अगदी कमी असलेला कोळसाही पेटत होता. १८७० च्या सुमारास रिश्टर्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवले, की कोळसा स्वतःच हवेतला प्राणवायू शोषून घेतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. म्हणजे ढिगात पडलेला कोळसा मंदगतीने जळतच असतो! पायराइटचे काम दुय्यम असते. ते फुगते, कोळसा फोडते आणि प्राणवायूला नवे पृष्ठभाग उघडे करून देते.

याच सुमारास समुद्रावर एक विलक्षण 'प्रयोग' घडला. त्या काळी एडन आणि मुंबई येथे आगबोटींसाठी इंग्लंडहून कोळसा येई. तो आणणारी शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास करीत. खाणीत ज्वलनशील वायू साचू नये म्हणून हवा खेळती ठेवतात. तेच शहाणपण जहाजांना लावून काही जहाजांत कोळशाच्या राशीतून हवेचे मार्ग ठेवले जात. न्यूकॅसल येथे एकाच वेळी, एकाच थरातला कोळसा चार जहाजांत भरला गेला. युक्साइन, ऑलिव्हर क्रॉमवेल आणि कलकत्ता ही तीन जहाजे एडनला निघाली. त्यांत हवा खेळण्याची उत्तम सोय होती. चौथे, कोरा, मुंबईला निघाले. त्यात तशी सोय नव्हती. पहिली तिन्ही कोळसा पेटून नष्ट झाली. युक्साइनच्या खलाशांना १८७४ मध्ये भर समुद्रात होड्यांचा आसरा घ्यावा लागला. कोरा मात्र सुखरूप मुंबईला पोचले.

चार जहाजांवरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. म्हणून १८७५ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने हजारो फेऱ्यांची आकडेवारी गोळा केली. दूरच्या प्रवासात ५०० टनांपेक्षा कमी माल असेल तर आगीचे प्रमाण पाव टक्क्याच्या आत होते. १००० ते १५०० टनांत ते साडेतीन टक्के आणि २००० टनांपुढे तब्बल ९ टक्के निघाले. १८७६ च्या अहवालात आयोगाने सांगितले, की राशीच्या पृष्ठभागावरून हवा वाहू द्यावी, म्हणजे साचलेला वायू निघून जाईल. पण राशीच्या पोटात हवा घालणे धोक्याचे आहे.

आकडे असे का वाढतात, हे वर्गात सहज समजावता येईल. एक मीटर बाजूच्या घनाचे आकारमान १ घनमीटर आणि पृष्ठफळ ६ चौरस मीटर असते. बाजू दहा मीटर केली तर आकारमान १००० होते, पृष्ठफळ मात्र ६०० च. उष्णता तयार होते सगळ्या कोळशात, बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणजे प्रत्येक घनमीटरच्या वाट्याला पूर्वीच्या एकदशांशच वाट उरली. उष्णता कोंडली की तापमान चढते, तापमान चढले की प्राणवायू अधिक वेगाने शोषला जातो आणि हे चक्र फिरत राहते. भुगा जितका जास्त तितका पृष्ठभाग जास्त, म्हणून ढेकळांपेक्षा भुगा धोक्याचा.

आता हवेचे कोडे सुटते. भरपूर हवा वाहिली तर ती उष्णता घेऊन जाते. हवा मुळीच आत गेली नाही तर ज्वलनच थांबते. घात होतो तो या दोहोंच्या मधल्या स्थितीत, जेव्हा हवा जाळण्यापुरती असते पण थंड करण्यापुरती नसते. परसातला ढीग लहान व ढेकळांचा असल्याने सुरक्षित राही. जहाजांतले हवेचे मार्ग मात्र नेमकी ही मधली स्थिती निर्माण करीत होते.

इंग्लंडमध्ये १ मे २०२३ पासून घरगुती वापराच्या पारंपरिक दगडी कोळशाची विक्री बंद झाली, कारण धूर. पण हे शास्त्र निरुपयोगी झालेले नाही. औष्णिक वीज केंद्रांच्या आवारात कोळसा थराथराने पसरून बुलडोझरने दाबतात, तो हवा आत जाऊ नये म्हणूनच. झारियाच्या कोळसाक्षेत्रात १९१६ मध्ये प्रथम नोंदली गेलेली भूमिगत आग अजून पूर्ण विझलेली नाही. तिथेही भेगांतून हवा आत जातच असते. 'हवा खेळती ठेवा' हा उपदेश आपण विद्यार्थ्यांना नेहमी करतो. तो करताना 'कुठे, किती आणि कशासाठी?' हे प्रश्न विचारायचीही सवय त्यांना लावायला हवी. त्या तीन जहाजांवर हे प्रश्न कोणी विचारले नव्हते.