फोर्ट सॅम ह्यूस्टन व फर्स्ट एरो स्क्वॉड्रन

अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील सॅन अँटोनियो येथील लष्करी ठाणे आणि त्या देशाच्या भूसेनेचे पहिले विमानपथक. १९१० ते १९१६ या काळात अमेरिकेचे लष्करी विमानोड्डाण या ठाण्यावर सुरू झाले, तेथून हद्दपार झाले आणि पुन्हा तेथेच परतले.

ठाण्याचे बांधकाम १८७६ मध्ये सुरू झाले. टेक्ससचे सेनानी व राजकारणी सॅम ह्यूस्टन यांचे नाव त्याला १८९० मध्ये मिळाले. भूसेनेने सिग्नल कोअर या संदेशवहन शाखेत १ ऑगस्ट १९०७ रोजी वैमानिकी विभाग स्थापला आणि १९०९ मध्ये राइट बंधूंकडून पहिले विमान घेतले. ते चालवण्यासाठी लेफ्टनंट बेंजामिन फुलॉय यांना १९१० च्या आरंभी या ठाण्यावर पाठवण्यात आले. त्यांचे उड्डाणशिक्षण अपुरे होते आणि त्यांनी एकट्याने विमान कधीच चालवले नव्हते. २ मार्च १९१० रोजी त्यांनी कवायतीच्या मैदानावरून चार उड्डाणे केली. शेवटच्या उड्डाणात विमान आदळून मोडले. पुढचे धडे त्यांनी राइट बंधूंशी पत्रव्यवहार करून घेतले. इंधन व दुरुस्तीसाठी मंजूर झालेले १५० डॉलर पुरेनात, तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घातले. हादऱ्याने आसनावरून फेकले जाऊ नये म्हणून त्यांनी खोगिरे बनवणाऱ्या कारागिरांकडून कातडी पट्टा करून घेतला. विमानाच्या घसरपट्ट्यांच्या जागी चाकेही येथेच बसवली गेली.

मार्च १९११ मध्ये अमेरिकी काँग्रेसने विमानोड्डाणासाठी प्रथमच १,२५,००० डॉलर मंजूर केले. मेक्सिकोतील क्रांतीमुळे त्याच सुमारास ठाण्यावर मोठे सैन्य गोळा झाले होते. नवी कर्टिस व राइट विमाने आणि शिकाऊ वैमानिक तेथे आले व एक तात्पुरती तुकडी उभी राहिली. १० मे १९११ रोजी लेफ्टनंट जॉर्ज केली यांचा कर्टिस विमान कोसळून मृत्यू झाला. सैनिकांच्या तंबूंवर पडू नये म्हणून त्यांनी विमान वळवले होते, असे मानले जाते. या अपघातानंतर तेथील सेनापती विल्यम कार्टर यांनी ठाण्यावर उड्डाणबंदी घातली आणि विमाने मेरिलंडमधील कॉलेज पार्क येथे हलवण्यात आली.

मेक्सिकोच्या सीमेवरील तणावामुळे ५ मार्च १९१३ रोजी टेक्सस सिटी येथे फर्स्ट एरो स्क्वॉड्रन स्थापन झाली. सॅन दिएगो येथील प्रशिक्षणानंतर जुलै १९१५ मध्ये ती ओक्लाहोमातील फोर्ट सिल येथे गेली. तेथे तोफखान्याच्या माऱ्याची हवेतून टेहळणी करण्याचे प्रयोग झाले. १९ ते २६ नोव्हेंबर १९१५ दरम्यान सहा विमाने ४३९ मैलांचे (सु. ७०६ किमी.) अंतर टप्प्याटप्प्याने कापून सॅन अँटोनियोत उतरली. संपूर्ण पथकाने एकत्र केलेला अमेरिकेतील हा पहिला दूरचा हवाई प्रवास होय. पथकप्रमुख फुलॉय हेच होते.

मेक्सिकोतील बंडखोर नेता पांचो व्हियाच्या टोळीने ९ मार्च १९१६ रोजी न्यू मेक्सिकोतील कोलंबस गावावर हल्ला केला. व्हियाच्या पाठलागासाठी काढलेल्या जनरल जॉन पर्शिंग यांच्या मोहिमेत भाग घेण्यास पथक आठ विमाने घेऊन रेल्वेने निघाले. १६ मार्च रोजी पथकातील वैमानिक टाउनसेंड डॉड व फुलॉय यांनी मेक्सिकोवरून पहिली टेहळणी केली. मात्र पथकाची ही कर्टिस विमाने कमी ताकदीची असल्याने सिएरा माद्रे पर्वत ओलांडू शकत नव्हती. कोरड्या हवेने त्यांचे लाकडी पंखे उकलत. सहा आठवड्यांत आठांपैकी दोनच विमाने उरली. लष्करी मोहीम म्हणून हा प्रयोग फसला, तरी त्यातून उघड झालेल्या उणिवांमुळे काँग्रेसने विमानदलाला भरीव निधी दिला. सप्टेंबर १९१७ मध्ये फ्रान्सला पोहोचलेले पहिले अमेरिकी विमानपथक हेच होते.

केली यांचे नाव १९१७ मध्ये सॅन अँटोनियोतील केली फील्डला, तर डॉड यांचे पुढे या ठाण्यावरील डॉड फील्डला देण्यात आले. फुलॉय १९३१ ते १९३५ या काळात भूसेनेच्या एअर कोअर या हवाई शाखेचे प्रमुख होते. पथक आज फर्स्ट रेकॉनसन्स स्क्वॉड्रन या नावाने कॅलिफोर्नियातील बील तळावर आहे. २०१० पासून फोर्ट सॅम ह्यूस्टन हे जॉइंट बेस सॅन अँटोनियो या संयुक्त तळाचा भाग असून त्याचे व्यवस्थापन हवाई दलाकडे आहे.