टायमिंग चेन : झीज, तपासणी व बदल

टायमिंग चेन : क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टला पोचवणारी पोलादी साखळी. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि त्या मेळावरच कोणता व्हॉल्व्ह कधी उघडेल व मिटेल हे ठरते. मारुती ८०० मध्ये या कामाला रबरी पट्टा असे; आल्टो के१० ला साखळी आहे. पुण्याजवळ रांजणगावला बनलेल्या फियाटच्या १,२४८ घन सेंमी. डिझेल इंजिनातही साखळीच होती.

‘चेन ताणली’ असे गॅरेजात म्हणतात. पोलाद मात्र ताणले जात नाही. कड्यांमधल्या पिना आणि बुश झिजतात. प्रत्येक सांध्यात किंचित पोकळी पडते आणि शंभरेक सांध्यांची मिळून साखळी लांब होते. याचे मुख्य कारण ऑइल. ते उशिरा बदलले, पातळी खाली गेली किंवा चुकीच्या ग्रेडचे भरले, तर सांधे कोरडे पडतात. डिझेलमध्ये काजळी घासकागदाचे काम करते. साखळी ताठ ठेवणारा टेन्शनरही बहुधा ऑइलच्या दाबावरच चालतो. त्यामुळे ‘चेन आहे, आयुष्यभर पाहायला नको’ ही समजूत महागात पडते.

पहिली खूण कानाला कळते : सकाळी थंड इंजिन चालू करताच दोन-चार सेकंद खडखड होते आणि ऑइलचा दाब आला की थांबते. पुढे ती थांबेनाशी होते. चेक इंजिनचा दिवा लागतो व स्कॅनरवर पी००१६ सारखा, क्रँक-कॅमचा मेळ चुकल्याचा कोड येतो. एवढ्यावर साखळी दोषी ठरत नाही. सेन्सर किंवा व्हॉल्व्ह टायमिंगचा सोलेनॉइडही तोच कोड देऊ शकतो. टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे ते पाहावे. ऑइल काढताना साखळीला आधार देणाऱ्या गाइडच्या प्लास्टिकचे तुकडे निघाले, तर साखळी उघडून पाहण्यात दिरंगाई करू नये. बऱ्याच इंजिनांत साखळीने दात ओलांडले की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेडचेच काम निघते.

बदलताना एकटी साखळी बदलणे ही खोटी काटकसर होय. टेन्शनर, गाइड व दातेरी चाके सोबतच बदलावीत, कारण झिजलेले दाते नवी साखळी खातात. पहिला पिस्टन टॉपला आणून कॅम लॉक करतात, पुढचे कव्हर काढतात आणि नव्या साखळीच्या रंगीत कड्या चाकांवरच्या खुणांशी जुळवतात. मग टेन्शनरची पिन ओढतात. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये साखळी गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने मजुरीच सुट्या भागांवर कडी करते.

सेल्फ मारण्यापूर्वी क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. अडला तर जोर करू नये. खुणा पुन्हा तपासाव्यात. दोन फेऱ्यांनंतर चाकांवरच्या खुणा आपापल्या जागी यायला हव्यात. रंगीत कड्या मात्र येतीलच असे नाही, आणि ती चूक नव्हे.