मुंबईतील गणित परिषदा आणि तरुण संशोधक : संस्थितिविज्ञानाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
गणित परिषदेच्या वृत्तांतात उद्घाटक, बीजभाषक आणि सादर झालेल्या शोधनिबंधांची संख्या यांची नोंद असते. परिषद संपल्यावर तरुण अभ्यासकाच्या हाती काय उरले, हे मात्र क्वचितच नोंदले जाते. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न समोर ठेवून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परंपरेचा विचार केला आहे. त्यासाठी संस्थितिविज्ञान, म्हणजेच टोपॉलॉजी, हा विषय निवडला आहे. आकृती ताणली वा वाकवली, पण फाडली नाही, तर तिचे जे गुणधर्म टिकून राहतात त्यांचा अभ्यास हे शास्त्र करते.

पूर्वपीठिका :
विखुरलेल्या अभ्यासकांना आधार देण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि परदेशी नियतकालिके टपालाने सभासदांकडे फिरत असत. हा आधार वाचनाचा होता, सहवासाचा नव्हता.

टाटा संस्थेतील प्रयोग :
टाटा संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली. १९४९ मध्ये के. चंद्रशेखरन तेथे आले आणि गणित विभागाला आकार मिळाला. १९५६ पासून तेथे आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरू लागले. १९६४ च्या परिसंवादात अतिया आणि बॉट यांनी सीमायुक्त आकृतींसाठी निर्देशांकाचा प्रश्न मांडला. विश्लेषण आणि संस्थितिविज्ञान यांना जोडणारा तो त्या काळातील अगदी ताजा विषय होता.

तथापि, संस्थेचे खरे बळ परिसंवादाच्या चार दिवसांत नव्हते. परदेशी गणिती तेथे काही आठवडे मुक्काम करून व्याख्यानमाला देत आणि त्याची टिपणे लिहिण्याचे काम एखाद्या तरुण संशोधकाकडे सोपवले जाई. लॉरां श्वार्त्झ यांच्या १९५५ मधील व्याख्यानांची टिपणे एम. एस. नरसिंहन यांनी लिहिली. ते तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे होते. कोझुल यांच्या १९६० च्या व्याख्यानांची टिपणे एस. रामनन यांची, तर स्टॉलिंग्ज यांच्या १९६७ मधील बहुफलकीय संस्थितिविज्ञानावरील व्याख्यानांची टिपणे जी. आनंद स्वरूप यांची आहेत. हे काम कारकुनी नव्हते. फळ्यावर वक्ता ज्या पायऱ्या गाळतो, त्या लेखकाला स्वतः भराव्या लागतात. एखादी भरता आली नाही तर वक्त्याकडेच जावे लागते. मार्गदर्शनाचा याहून कठोर आणि याहून उदार प्रकार सापडणे अवघड आहे.

त्याचे फळ लवकरच दिसले. नरसिंहन आणि रामनन यांचा 'सार्वत्रिक कनेक्शन'विषयीचा पहिला निबंध १९६१ चा, म्हणजे कोझुल यांच्या व्याख्यानांनंतर वर्षभरातला. १९५३ मध्ये एकत्रच संस्थेत दाखल झालेल्या नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांचा प्रसिद्ध सिद्धांत १९६५ मध्ये प्रकाशित झाला. पृष्ठाचा मूलभूत गट ही संस्थितिविज्ञानातील कल्पना आणि त्या पृष्ठावरील स्थिर व्हेक्टर बंडले यांचे नाते त्यात सिद्ध झाले.

मर्यादा आणि पुढील वाटचाल :
हे सारे निवडक विद्यार्थ्यांपुरते होते. विद्यापीठे आणि जिल्ह्यांतील महाविद्यालये या वर्तुळाबाहेरच राहिली. ही उणीव भरण्याचे काम राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या (१९८३) अर्थसाहाय्याने झाले. मुंबई विद्यापीठातील एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये चार आठवड्यांची उन्हाळी प्रशिक्षण शिबिरे सुरू केली. २००४ पासून प्रगत गणित प्रशिक्षणाच्या शाळा भरू लागल्या.

दुसरीकडे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने चर्चासत्रातील निबंधवाचनाला गुण दिले. त्यामुळे दोन दिवसांच्या चर्चासत्रांना जे महत्त्व आले, त्यात टिपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला जागाच नव्हती. प्रमाणपत्र मात्र प्रत्येकाला मिळे.

टाटा संस्थेची ती टिपणे आज संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. सायखेड्यातील विद्यार्थी स्टॉलिंग्ज यांचे पहिले पान मोबाईलवर उघडू शकतो. तिसऱ्या पानावर अडल्यावर स्वरूप यांना विचारायला वक्ता त्याच इमारतीत होता. या विद्यार्थ्याला आपला प्राध्यापकच हवा. प्रगत प्रशिक्षणाच्या योजनेत अध्यापकांसाठीही स्वतंत्र शाळा भरतात. त्यासाठी महाविद्यालयाने दोन आठवड्यांची कर्तव्यरजा मंजूर करावी लागते.