एक पत्ता तेवढा पक्का

संगणकांच्या ताफ्यात हजारो डिस्क असतील, तर कुठली फाइल कुठल्या डिस्कवर आहे याची नोंदवही कुणीतरी सांभाळायला हवी, असंच सगळे धरून चालत. ती वही जितकी मोठी, तितका तिच्यापाशी खोळंबा. सेज वाइल यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ विद्यापीठात पीएचडी करताना ही वहीच काढून टाकली. पैसा लॉरेन्स लिव्हरमोर, सँडिया आणि लॉस अलामॉस या अमेरिकी प्रयोगशाळांचा होता. २००६ साली निबंध प्रसिद्ध झाला आणि प्रणालीचं नाव पडलं सेफ. माहितीचा तुकडा कुठे असेल हे इथे कुणाला विचारायचं नाही, ‘क्रश’ नावाच्या सूत्राने ज्याचं त्याने काढायचं.

पण हिशेबासाठी आधी ताफ्याचा नकाशा हवा: कुठल्या डिस्क चालू, कुठल्या बंद. तो जपतात मॉनिटर. पार्श्वभूमीला अखंड चालणारे हे प्रोग्रॅम बहुधा तीन किंवा पाच असतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचं एकमत झाल्याशिवाय नकाशात काही बदलत नाही. एकमताची रीत आहे पॅक्सॉस. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ती एका ग्रीक बेटावरच्या काल्पनिक संसदेच्या गोष्टीतून मांडली होती. परीक्षकांना ती थट्टा रुचली नाही. १९९०चा लेख छापून यायला १९९८ उजाडलं.

आता नकाशा मॉनिटरकडे, पण मॉनिटर कुठे? हे सूत्राने निघत नाही. कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं. सगळे पत्ते मोडीत काढणाऱ्या प्रणालीत हा एक पत्ता उरला, आणि पुढची कितीतरी वर्षं देखभाल करणाऱ्यांची झोप त्यानेच उडवली.

सुरुवातीच्या काळात सेफच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक मॉनिटरचा वेगळा परिच्छेद असे: नाव, यंत्र आणि ‘मॉन अ‍ॅड्र’ या ओळीत आयपी पत्ता व पोर्ट ६७८९. नवख्याला वाटे, ओळ बदलली की काम झालं. ते होत नसे. ही फाइल बाहेरून येणाऱ्यांसाठी. मॉनिटर एकमेकांना शोधतात ते ‘मॉनमॅप’ या स्वतःच्या यादीतून, आणि त्या यादीतला फेरफारही पॅक्सॉसच्या मतदानानेच होतो. फाइलमध्ये कुणाच्या हातून एक आकडा चुकला म्हणून अख्खा ताफा कोसळू नये, हा त्यामागचा विचार. जुन्या आवृत्त्यांत तर मॉनिटरचा क्रमही पत्त्यावरून लागे. सर्वांत लहान पत्त्याचा मॉनिटर चालू असेल, तर पुढारीपण त्याच्याकडे!

म्हणून मॉनिटरचा पत्ता बदलायचा नसतो. नव्या पत्त्यावर नवा मॉनिटर उभा करायचा, तो बाकीच्यांत सामील झाला की जुना काढायचा. सगळं नेटवर्कच बदललं तर? त्यावरच्या उपायाला खुद्द सेफच्या मार्गदर्शिकेने बरीच वर्षं ‘गबाळी पद्धत’ म्हटलं होतं. मॉनमॅप फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, ‘मॉनमॅपटूल’ने जुन्या नोंदी खोडून नव्या घालायच्या, सगळे मॉनिटर थांबवायचे, आणि ती यादी हाताने एकेकात घुसवायची. नाव प्रामाणिक होतं.

क्रॅकन आवृत्तीत डीएनएसची सोय आली, म्हणजे फाइलमध्ये पत्ता नसला तरी क्लायंटने नावांच्या सर्व्हरला विचारावं. २०१८च्या मिमिकने बहुतेक सेटिंग्जच मॉनिटरच्या पोटात हलवल्या. फाइल उरली ती दोन-चार ओळींची: ताफ्याचा ओळखक्रमांक आणि मॉनिटरचे पत्ते. पत्ते आत हलवणार तरी कसे? आत शिरायलाच ते लागतात.

मोठा बदल झाला मार्च २०१९च्या नॉटिलसमध्ये. मॉनिटरशी बोलण्याची जुनी भाषा वाटेत माहिती सांकेतिक करत नसे. नव्या भाषेत ती सोय होती, पण दोन्ही एका पोर्टवर नांदणार नव्हत्या. नव्या भाषेसाठी आयएएनए या संस्थेकडून ३३०० हा क्रमांक रीतसर मिळाला. सोळाच्या पायात तो ‘सीई४’ होतो, म्हणजे प्रणालीच्या इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरं त्यात आलीच! तेव्हापासून प्रत्येक मॉनिटरला चौकटी कंसात दोन पत्ते मिळाले, ‘व्ही२’वाला ३३०० आणि ‘व्ही१’वाला ६७८९. जुना ताफा नॉटिलसवर नेल्यावर नवी भाषा वेगळ्या आज्ञेने सुरू करावी लागे. ती द्यायची राहिली की सेफ तब्येतीच्या अहवालात तक्रार लावी.

तरी ६७८९ हटलं नाही. लिनक्सच्या कर्नेलमधला क्लायंट नवी भाषा शिकला २०२१च्या फेब्रुवारीत, ५.११ आवृत्तीत. आणि माउंट करताना पर्याय दिला नाही, तर तेव्हाही तो जुन्याच भाषेत बोलायला जाई.