पोटाच्या डॉक्टरांना डोळा कसा मिळाला?

गेल्या महिन्यात आमच्या दापोड्यातल्या एका गोदामात माल चढवणारा, चाळिशी ओलांडलेला माणूस दवाखान्यात आला. "डॉक्टर, तीन दिवस झाले, संडासला काळं होतंय. डांबरासारखं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते." सोबत त्याची बायको होती. शेजाऱ्यांनी तिला सांगितलं होतं, गरम पडलं असेल, सब्जा द्या. पाठ दुखते म्हणून तो महिनाभर मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून खात होता, कधी कधी उपाशीपोटी. नाडी १२०, बीपी खाली, पापण्या आतून पांढऱ्याफटक. मी सलाइन लावलं, चिठ्ठी लिहिली आणि ॲम्ब्युलन्सने मुंबईला पाठवलं. त्याच रात्री तिथे एंडोस्कोपी झाली. ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराच्या पुढच्या आतड्यात, अल्सर होता आणि त्यातल्या रक्तवाहिनीतून रक्त वाहत होतं. दुर्बिणीतूनच इंजेक्शन दिलं, वर एक बारीक क्लिप बसवली. पाचव्या दिवशी माणूस घरी आला.

नंतर त्याची बायको एकटीच आली आणि म्हणाली, "डॉक्टर, पोट न फाडता रक्त थांबवलं कसं? आणि हा पोटाचा डॉक्टर तुमच्यापेक्षा वेगळं काय शिकलेला असतो?"

प्रश्न रास्त आहे. ओपीडीत दोन मिनिटांत उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. उत्तर थोडं जुन्या काळापासून सुरू होतं.

डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावू शकतो, डोळ्यांत बॅटरी मारू शकतो, पण जठराच्या आत काय चाललंय हे त्याला हजारो वर्षं दिसलंच नाही. पोट दाबून पाहायचं, जीभ पाहायची, शौच पाहायचं आणि अंदाज बांधायचा. १८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी आडोल्फ कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी एक तलवार गिळणारा कसरतपटू गाठला. जो माणूस सरळ तलवार घशाखाली उतरवतो तो सरळ नळीही उतरवील, हा साधा विचार. नळी ४७ सेंटिमीटर लांब, १३ मिलिमीटर जाड, आणि उजेडाला दिवा. नळी गेली, पण उजेड आत पुरेसा पोचला नाही आणि फारसं काही दिसलं नाही. तरी रस्ता आहे, एवढं कळलं.

पोटाचा स्वतंत्र डॉक्टर मात्र दुर्बिणीच्या आधीच जन्माला आला. १८८६ साली बर्लिनमध्ये इस्मार बोआस यांनी फक्त पचनसंस्थेच्या रोगांसाठी दवाखाना उघडला. त्या काळी इतर डॉक्टरांना हे खूळ वाटलं. पोटासाठी वेगळा डॉक्टर कशाला? डोळ्याला दिसणार नाही इतकं थोडं रक्त शौचातून जात असेल तर ते ओळखायच्या तपासणीवरही बोआस यांनी पुष्कळ काम केलं. आज आपण स्टूल ऑकल्ट ब्लड टेस्ट लिहून देतो, तिच्या मुळाशी हे काम आहे. बोआस ज्यू होते. १९३८ साली नाझी व्हिएन्नात शिरले आणि या वृद्ध डॉक्टरने तिथे आत्महत्या केली.

रुडॉल्फ शिंडलर यांनाही ज्यू वंशामुळे जर्मनी सोडावी लागली. १९३२ साली म्युनिकमध्ये त्यांनी गेऑर्ग वोल्फ या कारागिराकडून अर्धी वाकणारी दुर्बीण बनवून घेतली. नळीच्या खालच्या भागात एकामागोमाग एक भिंगं बसवलेली, त्यामुळे नळी थोडी वाकली तरी चित्र तुटत नसे. तपासणीच्या वेळी रुग्णाचं डोकं धरून ठेवायचं काम त्यांच्या पत्नी गाब्रिएल करत. ज्यांनी एंडोस्कोपी रूममध्ये रुग्णाच्या उशाशी उभी राहणारी सिस्टर पाहिली आहे, त्यांना या कामाची किंमत कळेल. नाझींनी शिंडलर यांना काही काळ कैदेत टाकलं. सुटल्यावर ते शिकागोला गेले आणि अमेरिकेत दुर्बिणीची विद्या त्यांच्या हातून पसरली.

तरीही ती नळी अर्धीच वाकायची. ती पूर्ण वाकवली एका भारतीयाने लावलेल्या शोधामुळे. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन करत होते. काचेचे केसासारखे बारीक तंतू एकत्र बांधले तर त्यांतून चित्र वळणावरूनही नेता येतं, हे दोघांनी जानेवारी १९५४ च्या 'नेचर'मध्ये मांडलं. कपानींना भारत सरकारने २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. (इंटरनेटच्या केबलमुळे त्यांचं नाव लोकांना ठाऊक आहे. पोटाशी त्यांचा संबंध आहे हे आमच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.)

हा लेख अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बेसिल हर्शोविट्झ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या तरुण पोटविकारतज्ज्ञाने वाचला आणि तो लंडनला जाऊन दोघांना भेटला. परत आल्यावर लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने एका काचेवर दुसऱ्या काचेचं आवरण चढवून तंतू बनवले, त्यामुळे उजेड मध्येच गळायचा थांबला. १९५७ च्या फेब्रुवारीत हर्शोविट्झ यांनी ती नळी पहिल्यांदा स्वतःच गिळली. काही दिवसांनी एका रुग्णावर वापरली आणि ड्युओडेनममधला अल्सर डोळ्यांनी पाहिला.

पुढचा प्रवास भराभर झाला. नळीत आणखी एक बारीक वाट ठेवली, तिच्यातून चिमटा घालून तुकडा काढता येऊ लागला. १९६८ साली पित्तनलिकेच्या तोंडात नळी घालता आली, १९६९ साली मोठ्या आतड्यातले कोंब तारेच्या फासाने कापता आले, १९८३ साली टोकाला इलेक्ट्रॉनिक चिप बसली आणि चित्र टीव्हीच्या पडद्यावर आलं. म्हणजे पोटाचा डॉक्टर आधी फक्त विचार करणारा फिजिशियन होता, त्याला डोळा मिळाला आणि मग हातही मिळाला. आमच्या हमालाचा जीव त्या हाताने वाचवला.

आता आपल्याकडचं. मुंबईत १९२१ साली असहकाराच्या वातावरणात नॅशनल मेडिकल कॉलेज उभं राहिलं, तेच आजचं नायर हॉस्पिटलचं टोपीवाला कॉलेज. १९२६ साली परळला केईएम हॉस्पिटल आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं. देणगीदारांची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत आणि सरकारी नोकरीतले नकोत. त्या काळी मोठ्या पदांवर गोरे अधिकारी असत, म्हणून ही अट. पुढे मुंबईत एकेक अवयवाचं स्वतंत्र शास्त्र रुजलं त्याला ही जमीन होती.

१९६० साली इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरोलॉजी स्थापन झाली. त्या पिढीतलं मुंबईचं ठळक नाव म्हणजे डॉ. एफ. पी. अँटिया. गंमत अशी, की या पोटविकारतज्ज्ञाचं सर्वांत गाजलेलं पुस्तक आहाराबद्दलचं आहे. 'क्लिनिकल डायटेटिक्स अँड न्यूट्रिशन' हे त्यांचं पुस्तक आजही आहारतज्ज्ञांच्या टेबलावर दिसतं. पुढच्या आवृत्तीत केईएमचे डॉ. फिलिप अब्राहम त्यांचे सहलेखक झाले. पोटाच्या डॉक्टरने आधी ताटाकडे बघावं, हे मला फार योग्य वाटतं. हल्ली आम्ही डॉक्टर जेवणाबद्दल विचारतो ते "तिखट-तेलकट टाळा" एवढं म्हणण्यापुरतंच. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. बी. एन. टंडन आणि चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. पी. एन. छुट्टाणी यांनी विभाग उभे केले, विद्यार्थी घडवले.

या विषयात यकृतही येतं, हे बऱ्याच रुग्णांना माहीत नसतं. कावीळ झाली की लोक गावठी औषधाच्या वाटेला जातात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं दूषित पाणी नळाला आलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. १९७८ साली काश्मीरच्या खोऱ्यात तसंच झालं. तिथले तरुण पोटविकारतज्ज्ञ डॉ. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरले. त्यांच्या अंदाजाने सुमारे ५२,००० रुग्ण आणि १,७०० मृत्यू झाले, आणि मरणाऱ्यांत गरोदर बायका फार. ही हिपॅटायटिस ए नव्हे आणि बीही नव्हे, तिसरीच कावीळ आहे, असं त्यांनी १९८० साली लिहिलं. तीच आजची हिपॅटायटिस ई. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने १९८१ च्या कोल्हापूरच्या साथीचा अभ्यास केला. तिथल्या डॉ. विद्या अरणकल्ले यांचं नाव या विषाणूच्या संशोधनात जगभर घेतलं जातं. २०१२ साली इचलकरंजीत पुन्हा हीच साथ आली. इचलकरंजी आणि आमची भिवंडी, दोन्ही यंत्रमागांची गावं. नळाची लाइन गटाराशेजारून जाते तिथे काय होऊ शकतं हे मला इचलकरंजीच्या बातम्या वाचताना कळत होतं. गरोदर बाईला कावीळ दिसली तर मी एक दिवसही थांबत नाही.

आता माझ्या स्वतःच्या काळाबद्दल. नव्वदीच्या सुरुवातीला मी इंटर्न होतो. रक्ताची उलटी झालेला रुग्ण आला की नाकातून नळी घालून बर्फाचं पाणी आत सोडायचं आणि बाहेर ओढायचं, हे काम इंटर्नचं. रात्रभर. हात बधिर व्हायचे. रात्रीची एंडोस्कोपी आमच्याकडे नव्हती. रक्त थांबलं नाही तर सर्जन पोट उघडत. ज्यांना अल्सर वारंवार होई त्यांची व्हॅगस नाडी कापून जठराला आतड्याची नवी वाट जोडायची मोठी शस्त्रक्रिया तर रोजचीच. त्याच सुमारास परदेशात वादळ उठलं होतं, की अल्सर काळजीने किंवा तिखटाने होत नाही, हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूने होतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली त्या जंतूंचा द्रव स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. आमच्या सर्जन सरांना तेव्हा ते पटलं नव्हतं.

आणि एक चूक, माझीच. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत पंचावन्न वर्षांचा एक मागवाला माझ्याकडे ॲसिडिटीसाठी येत असे. सात महिने मी त्याला रॅनिटिडिन देत राहिलो. तो दर वेळी "बरं वाटतं" म्हणायचा. एके दिवशी शर्ट काढायला सांगितला तेव्हा बरगड्या दिसल्या. वजन किती उतरलं ते सांगता येईना, कारण मी ते कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. एंडोस्कोपीत जठराचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली ॲसिडिटी, उतरणारं वजन, गिळताना अडकणं, रक्त कमी होणं, काळं शौच: यांतलं एक जरी असलं तर आता मी गोळ्यांचा दुसरा कोर्स लिहीत नाही, दुर्बिणीला पाठवतो.

तर मावशींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, मग एमडी मेडिसिनची तीन वर्षं. इथपर्यंत तो आणि मी सारखे. त्यापुढे पुन्हा प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं फक्त पोट, आतडी, यकृत, स्वादुपिंड. त्याची पदवी डीएम गॅस्ट्रोएन्टरोलॉजी, किंवा नॅशनल बोर्डाची डीएनबी, जिला आता डीआरएनबी म्हणतात. शस्त्रक्रिया करणारा पोटतज्ज्ञ एमएस करून पुढे एमसीएच करतो. काही सर्जनही एंडोस्कोपी उत्तम करतात. या विद्येसाठी मुंबईच्या डॉ. अमित मायदेव यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, इतकी ती आता आपल्याकडे मुरली आहे. पाटीवर मात्र कधी कधी आठवडाभराच्या कोर्सची आणि वर्गणी भरून मिळणाऱ्या सभासदत्वाची अक्षरंही पदवीशेजारी बसलेली असतात. शंका आली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरची कोणती पदवी नोंदलेली आहे ते विचारता येतं. डॉक्टरला थेट विचारलं तरी चालतं, चांगला डॉक्टर रागावत नाही.

खर्चाची धास्ती असेल तर केईएम, नायर, सायन, जेजे या सरकारी-पालिका रुग्णालयांत हे विभाग आहेत. ठाण्याहून लोकल धरायची, सायनला सायन स्टेशन, केईएमला परळ, जेजेला भायखळा. सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते. जुने रिपोर्ट आणि खात असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नुसतं "पांढरी गोळी" सांगून भागत नाही. आमच्या माणसासारखी चक्कर आणि काळं शौच असेल तर मात्र लोकल नको, १०८ला फोन करा.

त्याच्या जठरातही हेलिकोबॅक्टर निघाला. चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स झाला, पाठदुखीच्या गोळ्या बंद केल्या, वाकून गोणी उचलायची पद्धत त्याला इथे करून दाखवली. कोर्स संपल्यावर महिन्याभराने जंतू गेला की नाही याची तपासणी करायची आहे. ती तारीख त्याच्या कागदावर लिहून दिली आहे आणि त्याखाली वजन: ५८ किलो.