छातीतली टिकटिक आणि बधिर घोटा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

हृदयावरची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. दुखतं का? झोप लागते का? जेवण जातं का? त्याचीही उत्तरे आठवडाभरात पाठ होतात. 'बरं आहे. डॉक्टर म्हणतात, प्रगती छान आहे.' पण काही गोष्टी तो कोणालाच सांगत नाही. डाव्या बाजूला सदऱ्याचे कापड घासले तरी छाती चुरचुरते आणि बोट लावले तर तिथे काही कळतच नाही. चहाला पत्र्याची चव येते. शस्त्रक्रिया छातीवर झाली आणि बधिर झाला आहे पायाचा घोटा. रात्री निजानीज झाली की स्वतःच्याच छातीत घड्याळ चालल्यासारखे ऐकू येते.

हे सांगायचा संकोच वाटतो. एवढे मोठे ऑपरेशन निभावले, घरच्यांनी पैसा उभा केला, रात्री जागवल्या. आता चहाच्या चवीची तक्रार काय करायची? म्हणून माणूस गप्प बसतो आणि मनातल्या मनात घाबरतो. आपले काहीतरी बिघडले आहे, डॉक्टरांच्या हातून काही राहून गेले आहे, अशी शंका त्याला कुरतडत राहते.

मंडळी, यातल्या बहुतेक तक्रारी निरुपद्रवी असतात. आणि गंमत अशी की त्यांतल्या अनेकींना स्वतःचा इतिहास आहे. कोण्या शल्यविशारदाने कोण्या वर्षी हृदयापर्यंत पोचण्याची एक वाट शोधली आणि त्या वाटेवर एक खूण मागे राहिली. तीच खूण आज रुग्णाच्या अंगावर उमटते.

छातीपासूनच सुरुवात करू. छातीच्या मधोमध जे चपटे हाड असते, ज्याला आपण उरोस्थी म्हणतो, ते उभे चिरून आत शिरण्याची पद्धत हर्बर्ट मिल्टन या इंग्रज शल्यविशारदाने 1897 साली कैरोमध्ये वर्णन करून ठेवली होती. पण तेव्हा आत शिरून हृदयावर करण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे ती वाट जवळजवळ ओस पडली. पुढे हृदयाच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या तेव्हा छाती दोन्ही बाजूंनी आडवी उघडण्याची चाल होती. 1957 साली शिकागोच्या ऑर्मंड ज्युलियन यांनी मिल्टनची जुनी वाट पुन्हा दाखवून दिली. ती झटपट होती आणि तीत रुग्णाला त्रासही कमी होता. आज जगभर बहुतेक शस्त्रक्रिया याच वाटेने होतात. काम झाले की हाडाचे दोन भाग पोलादी तारांनी बांधतात आणि त्या तारा जन्मभर आतच राहतात.

हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पुरते मजबूत व्हायला तीन महिने. पण रुग्ण बुचकळ्यात पडतो तो पाठीमुळे. चीर पुढे आणि दुखते मागे, दोन खांद्यांच्या मध्ये! कारण साधे आहे. छाती उघडी ठेवण्यासाठी बरगड्या दोन्ही बाजूंना फाकवून धराव्या लागतात. बरगड्यांचे मागचे टोक पाठीच्या कण्याला जोडलेले असते, तेव्हा ताण तिकडेही पोचतो. पुढचे दार सताड उघडले की मागच्या बिजागऱ्या कुरकुरणारच.

आता घोट्याकडे वळू. रेने फाव्हालोरो हे अर्जेंटिनाचे डॉक्टर. बारा वर्षे त्यांनी एका खेड्यात दवाखाना चालवला आणि मग अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये शिकायला गेले. 9 मे 1967 रोजी त्यांनी एका स्त्रीच्या पायातली लांब नीला काढून तिच्या हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीला वळणरस्ता म्हणून जोडली. ज्याला आज आपण घरोघरी 'बायपास' म्हणतो, ती पद्धत इथून जगभर पसरली. ही नीला पायाच्या आतल्या अंगाने वर चढते, आणि गुडघ्याच्या खाली तिला अगदी खेटून एक मज्जातंतू जातो. नीला काढताना त्याला धक्का लागला की पोटरीची आतली बाजू किंवा घोटा बधिर होतो, मुंग्या येतात. पण या मज्जातंतूकडे फक्त स्पर्श कळवण्याचे काम असते. पाय हलवणे, पाऊल उचलणे हे त्याच्याकडे नसते. म्हणून घोट्याला स्पर्श कळला नाही तरी चालण्यातले बळ कमी होत नाही.

छातीच्या डाव्या बाजूच्या बधिरपणाची कहाणी अशीच. उरोस्थीच्या आतल्या बाजूने एक रोहिणी वरून खाली उतरते. लेनिनग्राडच्या वासिली कोलेसॉव्ह यांनी 25 फेब्रुवारी 1964 रोजी ती सोडवून हृदयाच्या रोहिणीला टाके घालून जोडली. ही रोहिणी पायाच्या नीलेपेक्षा जास्त वर्षे टिकते असे पुढे दिसून आले आणि 1980च्या दशकापासून शक्य तिथे तीच वापरण्याचा प्रघात पडला. ती सोडवताना बरगड्यांमधून येणारे बारीक मज्जातंतू दुखावतात. चुरचुर, जळजळ, मधेच एखादी चमक हे सारे त्यांचेच. काही महिन्यांत हे ओसरते. कोणाच्या छातीवर तळहाताएवढा बधिर तुकडा कायमचाही राहतो. टिकाऊ वाहिनीसाठी मोजलेली ती किंमत आहे.

आता ती टिकटिक. 11 सप्टेंबर 1952 रोजी वॉशिंग्टनमध्ये चार्ल्स हफनागल यांनी एका रुग्णाच्या महारोहिणीत पहिल्यांदाच कृत्रिम झडप बसवली. पारदर्शक प्लास्टिकची नळी आणि तिच्यात वरखाली होणारा एक गोळा, एवढेच ते यंत्र. रक्त पुढे जाताना गोळा सरके आणि परत येऊन आपल्या जागी आपटे. तो आवाज रुग्णालाच काय, खोलीतल्या इतरांनाही ऐकू जाई. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला लाखभर वेळा! पुढे गोळ्याला सिलिकॉनचे मऊ आवरण देऊन हा आवाज कमी करण्याची खटपट झाली.

1958 साली ओरेगॉनमध्ये आल्बर्ट स्टार हे तरुण शल्यविशारद आणि लॉवेल एडवर्ड्स हे निवृत्त अभियंते यांची जोडी जमली. एडवर्ड्स यांना सबंध कृत्रिम हृदयच बनवायचे होते. आधी एक झडप तर करू, असे म्हणून स्टार यांनी त्यांना थांबवले. त्यातून पिंजऱ्यातल्या गोळ्याची प्रसिद्ध झडप जन्मली. तीही बोलकीच. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बरीच वर्षे खपून कलत्या तबकडीची देशी झडप तयार केली आणि 6 डिसेंबर 1990 रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. परदेशी झडप न परवडणाऱ्या हजारो भारतीयांना तिने आधार दिला. धातूच्या आणि कार्बनच्या आजच्या झडपाही शांत खोलीत ऐकू येतात. तोंड उघडले तर आवाज आणखी स्पष्ट येतो, त्यामुळे दंतवैद्याच्या खुर्चीत अशी माणसे दचकतात. प्राण्यांच्या पेशीजालापासून केलेल्या झडपा मात्र असा आवाज करत नाहीत.

सुरुवातीला या टिकटिकीने झोप उडते. काही आठवड्यांनी बहुतेकांना ती भिंतीवरच्या घड्याळासारखी होते. असते, पण ऐकू येत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे की हा आवाज चांगला आहे. तो एकाएकी मंद झाला, दबला किंवा थांबल्यासारखा वाटला तर झडपेवर रक्ताची गुठळी धरलेली असू शकते, आणि मग सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते. ज्या आवाजाचा कंटाळा आला, तोच पहारेकरी आहे.

सर्वांत जास्त लपवली जाते ती मनाची गोष्ट. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीचे रक्ताभिसरण 26 मिनिटे आपल्या हृदय-फुप्फुस यंत्रावर चालवून तिच्या हृदयातले छिद्र बुजवले. यंत्राने हृदय थांबवून त्याच्या आत काम करणे शक्य झाले. पुढच्या दहा वर्षांत अशा शस्त्रक्रिया वाढल्या, आणि एक विचित्र प्रकार नजरेत भरू लागला. शुद्धीवर येऊन नीट बोललेला रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी भलतेच काही पाहू लागे. भिंत हलते, छतावर कोणी बसले आहे, परिचारिका कट करत आहेत. काही दिवसांत हे निवळे आणि माणूस पूर्ववत होई. पण झाल्या प्रकाराची लाज त्याच्या मनात राही.

1964 साली याविषयी लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते मनोविकारतज्ज्ञ पॉल ब्लॅचली आणि दुसरे तेच झडपवाले आल्बर्ट स्टार. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांशी बोलून त्यांची हकीकत नोंदवली. रुग्णांनी काय सांगितले? रात्रंदिवस दिवे, यंत्रांचे एकसुरी आवाज, दर थोड्या वेळाने कोणीतरी उठवणार, झोप नाही, दिवस की रात्र ते कळत नाही. म्हणजे दोष केवळ रुग्णाच्या मनाचा नव्हता, खोलीचाही होता. अतिदक्षता विभागात खिडकी असावी, समोर घड्याळ आणि दिनदर्शिका असावी, रुग्णाला सलग झोप मिळावी, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टींमागे अशा ऐकून घेण्याचा वाटा आहे. रुग्ण लाजून गप्प बसले असते तर खोली तशीच राहिली असती.

घरी आल्यावरही काही आठवडे भडक स्वप्ने पडतात, नावे आठवत नाहीत, पेपर वाचताना ओळ निसटते, उगाच डोळे भरून येतात. एकेकाळी सगळा दोष त्या यंत्रावर टाकला जाई. पण यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावर बायपास करण्याची पद्धत रुळली तरी ही तक्रार नाहीशी झाली नाही. भूल, वय, आजारपण, झोपमोड या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम असावा. बहुतेकांचे डोके हळूहळू पहिल्यासारखे चालू लागते. चहाची पत्र्याची चवही अशीच, तोंडाला रुची आली की जाते. मात्र गोंधळ, भास सुरू असतील तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. आपोआप जाईल म्हणून घरातच झाकून ठेवू नये.

सर्वांत नवलाची खोड प्रत्यारोपण केलेल्या हृदयाची. 3 डिसेंबर 1967 रोजी केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय माणसाला बसवले. अवघ्या अडीच महिन्यांत, 16 फेब्रुवारी 1968 रोजी, आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो प्रयोग केला. रुग्ण काही तासच जगला, पण जगातल्या अगदी पहिल्या मोजक्या प्रयत्नांत परळचे नाव नोंदले गेले. भारतात यश आले ते 3 ऑगस्ट 1994 रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून.

नवे हृदय बसवताना रक्तवाहिन्या जोडता येतात, मज्जातंतू जोडता येत नाहीत. त्यामुळे ते हृदय मेंदूच्या हुकमाबाहेर, आपल्याच चालीने, बसल्या जागीही मिनिटाला 90 ते 110 ठोक्यांनी चालते. जिना चढू लागले तर ते लगेच वेग घेत नाही. रक्तातून संप्रेरकांचा निरोप पोचल्यावर घेते. आणि माणूस वर जाऊन खुर्चीत टेकला तरी त्याची धडधड बराच वेळ चालू राहते. हे धोक्याचे आहे का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. डेव्हिड डोनाल्ड आणि जॉन शेफर्ड यांनी 1964 साली शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांवर प्रयोग केले. हृदयाचे मज्जातंतू तोडलेले कुत्रेही जवळजवळ पहिल्याइतक्याच वेगाने धावले. म्हणून अशा रुग्णांना सांगतात, चालायला लागण्याआधी थोडे अंग गरम करा आणि थांबताना हळूहळू थांबा. हृदयाला निरोप पोचायला वेळ द्या.

मग घाबरायचे कशाला? ताप येणे, जखम लाल होणे किंवा वाहणे, खोकताना छातीचे हाड हलल्यासारखे वाटून कटकन वाजणे, दम वाढत जाणे, दोन-तीन दिवसांत वजन एकदम चढणे, एकाच पोटरीला दुखरी सूज, नाडी वेडीवाकडी धावणे, बोलणे अडखळणे किंवा एक बाजू लुळी पडणे. या गोष्टी दिसल्या की विचार करत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी एका वहीत लिहून ठेवाव्यात आणि पुढच्या भेटीत वही डॉक्टरांसमोर उघडावी. घरच्यांनीही 'दुखतं का?' एवढेच विचारून उठू नये. 'आज काही वेगळं वाटलं का?' असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थोडा वेळ बसावे.